खबरदारी म्हणून

सकाळी साडेसात वाजता मशीन गेलं.

भाई राऊळांची पांढरी गाडी आमच्या अंगणाच्या कडेला उभी होती. त्यांच्याबरोबर आलेल्या दोघांनी मशीन उचलून मागच्या सीटवर आडवं टाकलं. "आडवां नको, उभां ठेवा, बिघडतला," मी म्हणाले. त्यांनी ते उभं केलं आणि त्याला सीटचा पट्टा लावला, माणसाला लावतात तसा. आपा पडवीच्या खांबाला टेकून बघत होते. त्यांच्या नाकातली नळी नुकतीच काढली होती. गालांवर तिचे वळ तसेच होते.

आपा म्हणजे माझे वडील, विठ्ठल घाडी. जन्मभर त्यांनी चिरेखाणीवर दगड कापायचं यंत्र चालवलं. तांबडी धूळ इतकी गिळली की छातीचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं वाळलेल्या दोडक्यासारखी झालीत. बरं होण्यातलं नाही; पण घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवलंत तर हिंडतील-फिरतील. तेव्हा आम्ही ते मशीन घेतलं. विजेवर चालायचं, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून नाकात सोडायचं. त्याची घरघर दिवसरात्र घरात असे. आम्हाला ती ऐकू येईनाशी झाली होती.

आमच्या गावात, पिंपळखोलात, मात्र आपांना ओळखत ते खाणीमुळे नव्हे, आवाजामुळे. आमच्या घराण्याकडे रवळनाथाच्या देवळातल्या गाऱ्हाण्याचा मान. गावाचं म्हणणं घाडी देवापुढे मोठ्याने मांडतो, एकेक ओळ, आणि जमलेला गाव प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार देतो. होकार दिला की माणूस बांधला गेला. घातलेलं गाऱ्हाणं काढायचं, म्हणजे मागे घ्यायचं, तर ज्याने घातलं त्यानेच, दुसऱ्या कोणाचं तिथे चालत नाही. छाती धड होती तेव्हा आपांची ओळ देवळातून निघून ओढ्यापलीकडच्या वाडीत पोचायची.

दोन हजार एकवीसचा मे महिना होता. एसटी बंद, म्हणून मी घरी. तालुक्याच्या स्टँडवर मी गाड्यांची घोषणा करते. आवाज आपांचा घेतलाय, असं लोक म्हणतात.

भाई आमचे सरपंच, आणि करोनासाठी गावात जी समिती नेमली होती तिचेही तेच अध्यक्ष. त्या दिवशी आले ते अंगणातूनच बोलले.

"आपा, शाळेत खोली केली हा. मुंबैसून इल्ली माणसा थंय ठेवली आसत. एक पोरगो सकाळपासून नुसतो धापता हा. तालुक्यात मशीन नाय. गावात एकच आसा, तां तुझ्याकडे."

"कोणाचो पोरगो?" आपांनी विचारलं.

"कोणाचो म्हणान काय करूचा? गावाचो."

"आणि आपांका काय लावूचा?" मी म्हणाले.

"दोन दिवसांचो प्रश्न, कुमुद. आपांचो दम काय आजचो नाय. तेंका सवय आसा."

"मग पंचायतीच्या कागदार लिवन देवा. मशीन नेलां, मागल्यावर परत देतलंव."

भाई हसले. बरोबरचे दोघेही हसले. "बगलंस, आपा? एष्टीत रवान चेडू तुझा पक्क्या झाला. तिकिटाशिवाय देवाक पण गाडीत घेवचा नाय."

आपांना ते लागलं. भाईंचं नव्हे, माझं. "कागद कसलो, बाय? गावातल्या माणसाकडे कागद मागतंस? भाय, नारळ हाड."

नारळ गाडीत तयार होता.

आपा खांब सोडून उभे राहिले, देवळाच्या दिशेला तोंड केलं. एका ओळीचे त्यांना तीन तुकडे करावे लागत होते. मध्ये थांबायचे, ओठ मुडपून श्वास सोडायचे, पुन्हा धरायचे.

"बा देवा रवळनाथा... घाड्याचा मशीन... गावासाठी जाता हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," भाई म्हणाले. हात जोडलेले, डोळे मिटलेले.

"दुखणेकऱ्याक... तेचो गुण पडांदे... म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"आणि घाडी मागात... तेवा तेका... परत मिळांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," भाई म्हणाले, आणि नारळ आमच्या पायरीवर ठेवून गाडीत बसले.

गाडी वळणाआड गेल्यावर घर गप्प झालं. थोड्या वेळाने दुसरा एक आवाज यायला लागला. वाळलेल्या पाचोळ्यात कोणी हात घालावा तसा. तो आपांच्या श्वासाचा होता. मशीनच्या घरघरीखाली इतकी वर्षं तो मला कधी ऐकू आला नव्हता.

दोन दिवस गेले, आणखी दोन गेले. मशीन आलं नाही. भाईंना फोन केला की ते म्हणत, "पोरगो अजून धापता हा." मग आपांना ताप आला.

गावातली आशा सेविका रेश्मा केळुसकर अंगणात आली. मास्कवर पदर, हातात बोटाला लावून ऑक्सिजन बघायचा चिमटा. तिने आपांच्या बोटाला तो लावला, आकडा बघितला, चिमटा काढून पुसला आणि परत लावला.

"अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली. "तेंचा नेहमीचा किती?"

"मशीन नसताना शहाऐंशी."

"मग लाव मशीन. वाट कसली बगतंस?"

"मशीन शाळेत आसा ना. त्या पोराक लावलेला."

रेश्माने मान वर केली. "खंयच्या पोराक? शाळेत तीन माणसा आसत. तिघांय पत्ते खेळतत. काल माका विचारी होते, चौथो कोण गावात काय बग. शाळेत मशीन इलाच नाय गो."

मी भाईंच्या घरी चालत गेले.

त्यांच्या पडवीत, झोपाळ्याच्या बाजूला, मशीन उभं होतं. त्यावर प्लास्टिकची पिशवी घातलेली, नळी गुंडाळलेली, वायर भिंतीला लावलेलीच नाही. झोपाळ्यावर भाईंचा धाकटा भाऊ प्रमोद बसला होता, मुंबईहून आलेला. चहात टोस्ट बुडवत होता. शाळेत न ठेवलेला हा गावातला एकच मुंबईकर.

"हेका काय झाला?" मी भाईंना विचारलं.

"तेका शुगर आसा. खबरदारी म्हणान ठेवलंव."

"ऑक्सिजन किती?"

उत्तर प्रमोदनेच दिलं. "सत्त्याण्णव. पण रात्री जरा दडपल्यासारखं वाटतं हो. आणि बातम्या बघून तर जास्तच."

"आपांचो अठ्ठ्याहत्तर आसा, भाई. ताप आसा. माका मशीन द्या."

"उद्या सकाळी पाठवतंय."

"आता द्या. तुमी देवासमोर शब्द दिल्यात."

"दिलंय. मोडूक खंय? परत देतलंय म्हटलंय, देतलंय. आज देतलंय असा म्हटलेला तुका आठवता?" ते शांतपणे बोलत होते. आवाज चढला नव्हता. "बग कुमुद, आपांका धापूची सवय आसा. जुन्या माणसाक कमी वारो पुरता. नव्या माणसाक एकदम कमी पडलो तर तो घाबरानच मरतलो."

मी पुढे होऊन मशीनची मूठ धरली. ते चाकांवर होतं, ओढलं असतं तर आलं असतं. भाई उठून उंबऱ्यात उभे राहिले.

"करोनाच्या घरातसून इलंस. कशाक हात लावू नको. लोकांच्या घरात घुसान रोग पसरवता म्हणान पोलिसांक फोन करू?"

प्रमोदने टोस्ट बशीत ठेवला आणि नाकावर रुमाल धरला. मी मूठ सोडली.

परत येता येता तालुक्याच्या बेडच्या नंबरवर फोन लावला. बाई सरळ बोलणारी होती. तिने नाव, गाव, वय विचारलं. मग यादी चाळल्याचा आवाज आला.

"ताई, तुमच्या पेशंटची नोंद आधीच आहे इथे. फुफ्फुसाचा जुना आजार, घरी ऑक्सिजन मशीन आहे. बरोबर?"

"मशीन होतं. आता नाहीये."

"नोंद आहे तशी. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना आम्ही आधी घेतोय. तुम्ही त्यांना मशीनवर ठेवा, बेड झाला की फोन करते."

"अहो, मशीन दुसऱ्याच्या घरात आहे."

"मग तुमच्या गावच्या समितीला सांगा मला फोन करायला. त्यांनी सांगितलं तर मी आत्ता बदलते."

मी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग बंद लागला.

शेजारच्या गावातल्या दोन गाडीवाल्यांना विचारलं. एक म्हणाला, बेड नाही तर नेऊ कुठे? दुसऱ्याने फोन बायकोकडे दिला. चुलतभाऊ सदा याची रिक्षा होती. तो आला, आपांना बसवलं. तालुक्याच्या दवाखान्याच्या फाटकावर कागद तपासणाऱ्याने फोन फिरवला आणि तेच सांगितलं. यांच्याकडे घरी सोय आहे. आतमध्ये व्हरांड्यातही माणसं होती, ते मी बघितलं. त्या माणसाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तो नोंदीप्रमाणे वागला.

आपांना झोपता येत नव्हतं. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते पडवीच्या खांबाला टेकून बसले. मी पाठीमागे उशा लावत होते, त्या घसरत होत्या. बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी दोनदा बोलले. दोन्ही वेळा एकच.

"भाय इलो?"

"येतत, आपा. वाटेर आसत," मी म्हणाले.

दुपारी आपा गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी आली. त्याच दोघांनी मशीन उतरवलं, पडवीत ठेवलं. या वेळी उभंच आणलं होतं. नाकात घालायची नवी नळी मी मशीनबरोबर दिली होती, तिचं पाकीट फोडलेलं नव्हतं.

दहावं-बारावं झाल्यावर मी तालुक्याला गेले. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी ऐकून घेतलं. "काही लिहून घेतलं होतं?" त्यांनी विचारलं. "नारळ ठेवला होता," मी म्हणाले. ते हसले नाहीत, पण पेन खाली ठेवलं. तिथून मी फोनवर बोललेल्या त्या बाईला शोधायला गेले. सापडली. तिला एकच प्रश्न विचारला, तिने उत्तर दिलं, वर म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." त्या उत्तराबद्दल मी गावात कोणाशी बोलले नाही. रेश्माशीही नाही.

एसटी सुरू झाली. मी स्टँडवर परत घोषणा करायला लागले. भाई कधी गाडीने आले तर केबिनच्या काचेतून हात करत. मी मान हलवत असे. लोक म्हणत, कुमुदने मनातून काढून टाकलं, बरं झालं.

गाऱ्हाण्याचा मान सदाकडे गेला. बाईकडे तो जात नाही. सदा गरीब माणूस, चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याच्या कपाळाला घाम. शब्द त्याला येत नव्हते. ते मला येत होते, कारण आपांनी खाणीवरून आल्यावर पडवीत बसून म्हटलेले मी लहानपणापासून ऐकले होते. सदा रविवारी यायचा, मी त्याला शिकवायचे. सुरुवात शिकवली, देवांची नावं शिकवली, गावाचं मागणं शिकवलं. शेवट शिकवला नाही.

"शेवटाचा काय?" तो विचारायचा.

"शेवटाक मी मागे उभी रवतलंय. अडलंस की बग माझ्याकडे. सांगतलंय."

"बायलमाणसा त्या बाजूक उभी रवणत नाय गो."

"खांबाच्या मागे रवतलंय. कोण बगता?"

छोट्या दोन-तीन प्रसंगी तसंच झालं. तो अडायचा, मान वळवायचा, मी हळूच ओळ सांगायचे, तो म्हणायचा. गावाला सवय झाली. घाड्याचं गाऱ्हाणं शेवटी जरा थांबतं आणि मग पुरं होतं.

मी जत्रेची वाट बघत होते. करोनामुळे दोन वर्षं ती नावापुरती झाली. तिसऱ्या वर्षी पुरी भरली. खाज्याची दुकानं लागली, मुंबईची माणसं आली, देवळासमोरचा मांडव माणसांनी फुलून गेला. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. भाई पुन्हा सरपंचपदाला उभे होते आणि त्यांनी सदाला आधीच सांगून ठेवलं होतं, गाऱ्हाण्यात आपलं नाव घे.

पहिल्या रांगेत भाई. कोरा सदरा, कपाळाला अंगारा. शेजारी प्रमोद, पोट जरा सुटलेला. त्यांच्या मागे गणू मेस्त्री, गावातले सगळ्यात म्हातारे. त्यांना वीस वर्षांत काही ऐकू आलेलं नाही, पण एकही गाऱ्हाणं चुकवलेलं नाही. घाड्याचं तोंड मिटलं की ते "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि कधी इतरांच्या आधी म्हणतात.

सदाने सुरुवात चांगली केली.

"बा देवा रवळनाथा, आज तुझी जत्रा भरली हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चाकरमानी, गाववाले, सगळी तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आपलो भाय राऊळ इलेक्शनाक उभो रवलो हा, तेच्या मनात जां आसात तां पुरा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज मोठा. भाईंचा सगळ्यात मोठा.

मग शेवट आला. गावाचं जो वाईट चिंतेल त्याचं काय व्हावं, हे देवाला सांगायची ती जागा. सदा थांबला. मान वळवून त्याने खांबाकडे बघितलं.

मी खांबामागून पुढे आले आणि ओळ त्याला न सांगता देवाला सांगितली. माईक लागला नाही. स्टँडवर सहा गाड्यांची इंजिनं चालू असताना मी बोलते.

"तुझ्यासमोर नारळ ठेवन जेनी दुखणेकऱ्याचा मशीन नेल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळा मांडव म्हणाला. सवयीने. आवाज घाड्याचाच होता, ओळ थांबली तिथेच थांबली होती. भाईंचे डोळे मिटलेले होते आणि त्यांचेही ओठ हलले. प्रमोदचेही.

"मागल्यावर परत देतलंय म्हणान जेनी व्हय म्हटल्यान, आणि मागूक गेल्यार उंबऱ्यात आडवो रवलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" निम्मा मांडव. भाईंनी डोळे उघडले.

"शाळेतल्या पोराक म्हणान नेल्यान, आणि चांगल्याभल्या भावाक राखण म्हणान पडवेत ठेवल्यान म्हाराजा!"

दहा-बारा आवाज. त्यात एक बाईचा, रेश्माचा असावा. कोणीतरी म्हणालं, "अगो कुमुद, गप." एका मानकऱ्याने सदाचा दंड धरला. सदा हलला नाही.

"आणि ज्या दिवशी मशीन आपल्या पडवेत ठेवल्यान, त्याच दिवशी तालुक्याक फोन करून जेनी आपल्या तोंडान लिवन घेवक सांगल्यान, की विठू घाड्याकडे घरी मशीन आसा, तेका बेडाची गरज नाय, म्हाराजा!"

कोणी बोललं नाही. प्रमोदने भाईंकडे बघितलं, तेव्हा मला कळलं की हे त्यालाही माहीत नव्हतं. भाई उठायला लागले. उठून जाणं म्हणजे कबूल करणं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. अर्धे उठले होते, ते परत बसले.

"माझ्या बापाशीक जितको वारो कमी पडलो, तितकोच तेका कमी पडांदे म्हाराजा! जास्ती नको. कमी नको."

मी तोंड मिटलं. मांडवात खाज्याच्या दुकानातल्या झाऱ्याचा आवाज ऐकू येत होता.

"व्हय म्हाराजा!" गणू मेस्त्री म्हणाले. एकटे, खणखणीत, हात जोडून.

त्यांच्यामागून कोणीतरी म्हटलं. मग बायकांच्या बाजूने. मग पार मागच्या, काय चाललंय ते न कळलेल्या मुंबईकरांनी. मग सगळ्यांनी.

जत्रा संपल्यावर मानकऱ्यांची बैठक बसली. मला बोलावलं. बाईमाणसाने देवळात गाऱ्हाणं घातलं, ही गोष्ट गावात कधी झाली नव्हती. एकाने दंड सुचवला. दुसरा म्हणाला, दंड केला तर गाऱ्हाणं घातलं गेलं असं होईल. शेवटी ठरलं की बाईचं गाऱ्हाणं देवाला लागतच नाही, म्हणजे ते झालंच नाही. मी मान डोलावली आणि घरी आले.

भाई निवडून आले. मतं थोडी कमी झाली, पण आले.

पुढची गोष्ट मला रेश्माने सांगितली. भाईंनी बोटाला लावायचा चिमटा विकत घेतला. आधी घरात लावायचे. मग सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागले. ग्रामसभेत बोलता बोलता टेबलाखाली हात नेतात. लग्नात जेवणाच्या पंगतीत बसले की आधी बोट बघतात, मग पान. आकडा सत्त्याण्णव असतो. कधी शहाण्णव आला तर गाडी काढून तालुक्याला जातात. डॉक्टर म्हणतात, काही नाही. "रात्री बसान झोपतत," रेश्मा म्हणाली. "आडवे पडले की वारो कमी पडता म्हणतत. उशा लावून लावून वहिनी कंटाळली."

"उशा घसरतत," मी म्हणाले.

गेल्या शिमग्यानंतर एका सकाळी ते स्वतः आले. चालत. वळणावरून अंगणात येईपर्यंत दोनदा थांबले. हातात असोला नारळ, सोललेलासुद्धा नाही, परसातून तसाच उचलून आणलेला. पडवीत मशीन उभं होतं, प्लास्टिकची पिशवी घालून. महिन्यातून एकदा मी ते चालू करते, बिघडू नये म्हणून. त्यांनी त्याच्याकडे बघणं टाळलं.

"कुमुद, तां गाऱ्हाणां काढ."

"खंयचा गाऱ्हाणां?"

"मस्करी करू नको गो."

"बायलमाणसाचा गाऱ्हाणां लागणा नाय, असा तुमच्याच बैठकीत ठरला. जां झालाच नाय, तां काढू कसा?"

ते पायरीवर टेकले. खिशातून चिमटा काढला, बोटाला लावला, बघितला, परत ठेवला. माझ्याही नजरेला आकडा पडला. पंचाण्णव.

"काय होया तुका? सांग. जाहीर माफी मागू? जत्रेत, सगळ्यांसमोर?"

"माका काय नको, भाई."

"मग माणूस मरासर बगत रवतलंस?"

"तुमचो पंचाण्णव आसा. मरूचा नाव कित्याक काढतात? आणि तुमका आता सवय झाली आसतली." मी मशीनवरची पिशवी काढली. "होया तर ह्या घेवन जावा. खबरदारी म्हणान. चालू आसा, कालच बगलंय. फक्त कागद करूचो लागतलो. मशीन नेलां, मागल्यावर परत देतलंव. कधी देतलंव, ती तारीख पण घाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पहिल्यांदा मशीनकडे. मी आतून कागद आणि पेन आणून पायरीवर ठेवलं. त्यांनी पेनाला हात लावला नाही. खांबाला धरून उठले. आपा टेकायचे तोच खांब. नारळ पायरीवर ठेवला आणि निघाले. वळणापर्यंत या वेळी तीनदा थांबले.

सदा मध्ये दोनदा येऊन गेला. "काढ गो, कुमुद," म्हणाला. "लोक माका विचारतत." मी त्याला शेवट शिकवायला बसवलं. आता त्याला पुरं येतं, पण हे गाऱ्हाणं काढणं त्याच्या हातात नाही.

मागच्या आठवड्यात भाईंना तपासणीसाठी गोव्याला नेलं, असं तो सांगत होता. छातीचा फोटो काढला म्हणे. त्यात काय निघालं ते गावात अजून कोणाला माहीत नाही. प्रमोदचा फोन लागत नाही.

नारळ मी उचललेला नाही. पायरीवर आहे तिथेच आहे. काल पावसात बघितला, त्याला कोंब आलाय.